धबधबा, दोन्ही डोळ्यांत

सुल्ताना काराबेलीचं इंग्रजी
मोज्यांच्या कारखान्यात झालं,
मेलबर्नमध्ये, बत्तीस वर्षं, यंत्रांच्या खडखडाटात.
पुट ऑन. पुट ऑफ. पुट अवे. पुट अप विथ.
एवढासा शब्द,
पण शेपूट बदललं की वेगळंच जनावर.
ते तिच्या हाती कधी लागलं नाही.
अजून बसमध्ये कोणी "गेट ऑफ" म्हटलं
की ती आधी हँडबॅग घट्ट धरते.

मुलगी एव्हान्थिया शनिवारी गॅरेजमध्ये
शिकवणी घेते, बड्या शाळांच्या प्रवेशपरीक्षेची.
भिंतीवर तक्ता:
मायक्रो म्हणजे लहान, क्रोनो म्हणजे काळ, फोबिया म्हणजे भीती.
दहा वर्षांची पोरं पाढ्यांसारखं घोकतात.
सुल्ताना दाराशी शेंगा सोलत ऐकते.
लहान, काळ, भीती:
या घरातल्या शब्दांना फी कसली, तिला कळत नाही.

तक्त्याच्या दुसऱ्या रकान्यात लॅटिन.
रॅडिक्स म्हणजे मूळ.
त्यातून रॅडिकल, त्यातून इरॅडिकेट,
आणि त्यातूनच रॅडिश, आपला मुळा.
पोरांना खरं वाटेना.
म्हातारी उठली, परसातून एक उपटून आणला,
मातीसकट ठेवला वह्यांवर.

मंगळवारी डोळ्यांचा दवाखाना.
डॉक्टर लॅकलन, तरुण, भला माणूस.
समोर ऐंशीची बाई बघून
त्याने भाषा खाली आणली,
पोराला कडेवर घ्यायला वाकावं तशी.
"जरा धुकं साचलंय, आजी.
ते टेक आउट करू, नवं पुट इन करू."
पुट.
सुल्तानाने दोन्ही तळवे डोळ्यांवर ठेवले.
काय काढणार? कुठे घालणार?
त्याने आणखी सोपं केलं, ती आणखी घाबरली.
एव्हान्थियाचं ग्रीक स्वयंपाकघरापुरतं,
तिलाही काही सुचेना.
शेवटी हरून, कागदावर लिहिता लिहिता
तो पुटपुटला: कॅटरॅक्ट.

"कताराक्तिस!"
म्हातारी हसली.
तळवे खाली आले.

एदेसात, तिच्या गावी,
नदी घरांच्या मधून वाहत येते
आणि कडा आला की सरळ उडी घेते.
त्या उडीचं आणि डोळ्यावरच्या पडद्याचं
तिकडे एकच नाव.
(आपण त्याला मोती म्हणतो.
पण त्या खोलीत मराठी कोणाला येत नव्हतं.)
एकोणिसाव्या वर्षी पत्र्याची ट्रंक घेऊन
ती निघाली, तेव्हा बाप कड्याशी उभा होता.
तुषारांत तो नीट दिसलाच नव्हता.
म्हणजे हे तेव्हापासूनचंच,
ती म्हणाली,
आणि डॉक्टरने प्रामाणिकपणे लिहून घेतलं:
त्रास, एकोणिसाव्या वर्षापासून.

मग थेंब घातले. प्युपिल मोठी व्हायला
वीस मिनिटं, नर्सने सांगितलं.
प्युपिल म्हणजे विद्यार्थी,
एवढंच होतं एव्हान्थियाच्या तक्त्यावर.
आई म्हणाली, कोरी.
कोरी, डोळ्यातली.
कोरी म्हणजे मुलगीसुद्धा.
एव्हान्थिया जवळ वाकली.
त्या पसरत चाललेल्या काळ्यात
ती होती, नखाएवढी,
चष्मा लावलेली, हातात पार्किंगची पावती.
बाहुली.
तिला वाटलं, हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं.
पेन दवाखान्याचं होतं, साखळीने बांधलेलं.

परतताना गाडीत सुल्ताना
मिटल्या डोळ्यांनी बसून होती.
सिग्नलला विचारलं,
पाणी बंद केल्यावर
आवाजही जाईल का?

दिवा हिरवा झाला.
मागच्याने हॉर्न दिला.